एकांड्या शिकारी गांधीलमाश्या आणि त्यांची घरटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की भिंतीवर, खिडकीच्या चौकटीत, ट्यूबलाइटच्या मागे मातीचे गोळे दिसू लागतात आणि तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जातात: हे कोणाचं घर, यात काय आहे, काढू का ठेवू? त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सगळी सारख्या लांबीची नाहीत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे हात आखडता घेतलेला नाही.

एकांडी गांधीलमाशी म्हणजे नेमकी कोणती?

जिला पोळं नाही, राणी नाही आणि हाताखाली कामकरीही नाहीत ती. नराशी मीलन झालं की मादी एकटीच जागा शोधते, घर बांधते किंवा खणते, शिकार करून आणते, अंडं घालते आणि दार लिंपून टाकते. आपल्याकडे गांधीलमाशी म्हटलं की वळचणीला लटकणारं कागदी पोळं आणि अंगावर येणारा थवा आठवतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशकं अभ्यासलेली रोपालिडिया मार्जिनाटा ही तशी समूहात राहणारी माशी. पण गांधीलमाश्यांच्या हजारो जातींमध्ये समूहात राहणाऱ्या थोड्याच आहेत. बाकीच्या एकांड्या.

आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. मोठी झालेली माशी स्वतः मुख्यतः फुलातला मध पिते. शिकार असते ती पिल्लासाठी. मधमाश्याही अशाच शिकारी गांधीलमाश्यांच्या वंशातून आल्या. त्यांनी पिल्लांच्या ताटातला किडा काढून त्या जागी परागकण ठेवले, एवढाच काय तो फरक, आणि त्या फरकाने सगळं जग बदललं.

आमच्या भिंतीवरचं घरटं कोणाचं, हे कसं ओळखायचं?

ओबडधोबड, मुठीएवढा मातीचा गोळा असेल आणि त्याच्या आत शेजारीशेजारी लांबट नळ्या असतील, तर तो बहुधा कुंभारणीचा, म्हणजे स्केलिफ्रॉनचा. काळं अंग, पिवळे पट्टे, पोट आणि छाती जोडणारा काडीसारखा बारीक देठ. तिच्या नळ्यांत कोळी सापडतील.

छोटं, गोल, तोंडाला बाहेर वळलेला काठ असलेलं मडकं असेल तर ते युमेनीस किंवा डेल्टा गटातल्या माशीचं. त्यात अळ्या असतात. डेल्टाच्या काही जाती अशी बरीच मडकी एकमेकांना चिकटवून वरून जाड गिलावा करतात, त्यामुळे शेवटी ती सुंदर मडकी दिसतच नाहीत.

बांबूचं टोक, लाकडातलं भोक, कुलपाचं छिद्र, प्लगची भोकं मातीने बंद झालेली दिसली, तर रिंकियमसारखी आयतं बीळ शोधणारी माशी येऊन गेली आहे. निळीशार, चकाकणारी कॅलिबियन हीही आयत्या जागेत राहणारी. जुनी सोडून दिलेली घरटीही तिला चालतात. भोकातून वाळक्या गवताचा झुपका बाहेर आलेला असेल तर ती आयसोडोन्शिया. ती माती वापरत नाही, गवत कोंबते आणि आत नाकतोडे-रातकिडे ठेवते.

वाळूत किंवा मोकळ्या जमिनीत बिळं करणाऱ्या जाती तर याहून जास्त आहेत. स्फेक्स, अमोफिला, बेंबिक्स ही त्यांतली प्रसिद्ध नावं. त्यांचं घर सहसा दिसतच नाही.

मातीचं घर ती बांधते कसं?

गळका नळ, कुंडीची ओली कड किंवा डबक्याचा काठ गाठून थांबलात तर सुरुवात बघायला मिळते. कुंभारीण येते, डोकं खाली आणि पोट वर अशी उभी राहते, जबड्याने चिखल खरवडते आणि वाटाण्याहून लहान गोळी करून उचलते. हे चालू असताना तिची बारीक गुणगुण ऐकू येते. भिंतीपाशी पोचल्यावर गोळी लावतानाही हीच गुणगुण असते, आणि ती उगाच नसते. छातीतल्या स्नायूंचं कंपन डोक्यापर्यंत पोचतं आणि त्या कंपनाने चिखल सैल होऊन नीट पसरतो, आधीच्या थराला धरतो.

एका गोळीची एक कमान होते. पहिली कमान डावीकडून, पुढची उजवीकडून, अशा कमानी वरच्या कण्यावर एकमेकींना भेटतात. म्हणून ताज्या नळीच्या पाठीवर तिरप्या रेषांची नक्षी दिसते. माती वेगवेगळ्या जागेवरून आणली असेल तर तांबडे, करडे पट्टे स्पष्ट कळतात. नळी आतून मात्र गुळगुळीत. बाहेरचा ओबडधोबड गिलावा सगळ्या नळ्या भरून झाल्यावर येतो.

नळी तयार झाली की चिखल थांबतो आणि शिकार सुरू होते. नळी भरायच्या आत संध्याकाळ झाली तर कधीकधी ती तोंडावर पातळ झाकण घालून जाते आणि सकाळी ते फोडून पुढचं काम धरते.

आतले कोळी आणि अळ्या मेलेल्या असतात का?

बहुतेक जिवंत असतात, पण हलत नाहीत. मेलेला कोळी आपल्या हवेत लगेच सडेल किंवा वाळेल. माशीच्या नांगीतलं विष चेतासंस्थेवर काम करतं: हालचाल जाते, जीव राहतो. पिल्लाला शेवटच्या घासापर्यंत ताजं अन्न मिळतं. कोळ्यांची नळी उघडून पाहिलीत तर एखादा पाय किंचित थरथरताना दिसू शकतो.

यातलं सगळ्यात थक्क करणारं काम अँप्युलेक्स कॉम्प्रेसाचं. हिरवट निळी, रत्नासारखी चमकणारी, मागच्या पायांच्या मांड्या लाल. आपल्या घरांतही येते, कारण तिची शिकार म्हणजे झुरळ. ती पहिला दंश झुरळाच्या छातीत करते, त्याने पुढचे पाय काही मिनिटं लुळे पडतात. तेवढ्या अवधीत दुसरा दंश, मानेतून थेट डोक्यातल्या चेतागुच्छांमध्ये. त्यानंतर झुरळ लुळं पडत नाही. ते उभं राहतं, स्वतःला साफ करत बसतं, चालूही शकतं. फक्त आपणहून चालायला लागण्याची इच्छा त्याच्यात उरत नाही. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठात फ्रेडरिक लिबरसाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विष मेंदूत नेमकं कुठे जातं ते दाखवून दिलं.

पुढे माशी झुरळाच्या मिशा अर्ध्यावर कापते, तिथून येणारा द्रव पिते आणि उरलेली मिशी धरून त्याला बिळाकडे चालवत नेते. झुरळ तिच्याहून कितीतरी जड असतं, उचलून नेणं अशक्यच. बिळात पायाशी अंडं चिकटवून ती बाहेर येते आणि खडे-काटक्यांनी तोंड बुजवते. 1941 साली कीटकशास्त्रज्ञ फ्रान्सिस विल्यम्स यांनी झुरळं आटोक्यात येतील या आशेने ही माशी हवाईला नेली. ती तिथे टिकली, पण झुरळं काही संपली नाहीत.

अंडं कधी घालते? आधी की शिकार भरून झाल्यावर?

जातीप्रमाणे बदलतं. युमेनीस-रिंकियमच्या घराण्यात अंडं आधी घालतात, तेही छताला बारीक धाग्याने टांगून, आणि मग खाली अळ्या भरतात. पूर्ण लुळ्या न पडलेल्या अळ्यांच्या वळवळीपासून अंडं दूर राहतं. फ्रेंच कीटक-अभ्यासक झाँ-आंरी फाब्र यांनी फ्रान्समधल्या कुंभारणीत पाहिलं की ती अंडं पहिल्याच कोळ्यावर घालते. म्हणजे पिल्लू सगळ्यात जुना कोळी आधी खातं आणि ताजे मागे राहतात. एकच मोठा कोळी पकडणाऱ्या पॉम्पिलिड माश्यांना हा प्रश्नच येत नाही: एक कोळी, एक अंडं, एक बीळ.

आई आणि पिल्लाची कधी भेट होते का?

बहुतेक जातींत कधीच नाही. दार लिंपलं की आईचं काम संपलं. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं, साठा खातं, कोश विणतं आणि पंख फुटल्यावर भिंत कुरतडून बाहेर पडतं, तोवर आई बहुधा हयातही नसते. पिल्लाला काय लागेल, किती लागेल, ओल-ऊन-शत्रू यांपासून कसं वाचेल, हा सगळा हिशेब त्याला न पाहताच आधी करून ठेवलेला असतो. या माश्यांचं मला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं ते इथे. शिकारीची हिंमत त्यानंतर.

अपवाद आहेत आणि ते फार बोलके आहेत. वाळूत राहणाऱ्या बेंबिक्सच्या अनेक जाती पिल्लाला वाढेल तशा घरमाशीसारख्या साध्या माश्या आणून देतात, रोज. आणि अमोफिला प्युबेसेन्सबद्दल डच शास्त्रज्ञ बेरेंड्स यांनी 1941 मध्ये जे लिहिलं ते वाचून कीटकांकडे बघायची नजर बदलते. ही मादी एकाच वेळी दोन-तीन बिळं सांभाळते, प्रत्येकातलं पिल्लू वेगळ्या वयाचं. सकाळी ती रिकाम्या हाताने प्रत्येक बिळात डोकावते आणि त्या भेटीत दिसलेल्या साठ्यावरून त्या दिवशी कुठे किती अळ्या द्यायच्या ते ठरतं. बेरेंड्स यांनी सकाळच्या फेरीआधी साठा बदलला तर तिचं वागणं बदललं. फेरी झाल्यावर बदलला तर त्या दिवसाचा बेत तसाच राहिला.

एवढ्या मोकळ्या जागेत तिला आपलं बीळ पुन्हा सापडतं कसं?

खुणा पाठ करून. नवं बीळ केल्यावर माशी लगेच लांब जात नाही. आधी त्याच्यासमोर, मग वर, वाढत्या वळशांनी घिरट्या घालते. ही तिची पाहणी.

प्राण्यांच्या वर्तनाचे डच अभ्यासक निको टिनबर्खेन यांनी हे नेदरलँड्समधल्या हुल्सहोर्स्टच्या वाळूत सिद्ध केलं. तिथे मधमाश्या पकडणारी फिलँथस माशी बिळं करते. त्यांनी एका बिळाभोवती पाइनच्या फळांचं कडं मांडलं, माशीला त्याची सवय होऊ दिली आणि ती शिकारीला गेल्यावर कडं बाजूला सरकवलं. माशी परत आली ती कड्याच्या मधोमध उतरली, बीळ शेजारीच उघडं असताना. कडं जागेवर ठेवलं की तिला बीळ लगेच सापडे. वास नाही, तर आजूबाजूच्या वस्तूंची मांडणी ती लक्षात ठेवते, हे त्यातून कळलं. 1973 चं नोबेल टिनबर्खेन यांना लोरेन्झ आणि फॉन फ्रिश यांच्याबरोबर मिळालं, त्याची पायाभरणी या वाळूत झाली होती.

मुलगा की मुलगी हे आई ठरवते म्हणतात, खरं का?

हो. मीलनातून मिळालेले शुक्राणू मादी पोटातल्या पिशवीत साठवते. अंडं फलित केलं तर मादी जन्मते, न करता घातलं तर नर. माद्या सहसा आकाराने मोठ्या, म्हणून त्यांच्या कप्प्यात शिकारही जास्त. बांबूसारख्या लांब नळीत सहसा मुली आतल्या कप्प्यांत आणि मुलगे दाराजवळ असतात. मुलगे आधी तयार होतात, त्यांना वाट मोकळी मिळते.

नर काय करतो?

घरट्यासाठी बहुधा काहीच नाही. अमेरिकेतल्या ट्रायपोक्झिलॉन पोलिटम जातीत मात्र मादी शिकारीला गेली की नर दारात पहारा देतो.

कुंभारीण अळीला आपल्यासारखं करते, हे खरं आहे का?

भ्रमर-कीटक न्याय संतसाहित्यातून आपल्या ओळखीचा आहे. भ्रमर अळीला घरात कोंडतो, सतत गुणगुणतो, त्या ध्यासाने अळी भ्रमर होते. तसा भक्त देवाचं ध्यान करता करता देवरूप होतो. ज्यांनी हा दृष्टान्त घडवला त्यांनी भिंतीकडे नीट पाहिलं होतं, याबद्दल मला शंका नाही. अळी आत जाताना त्यांनी पाहिली, गुणगुण ऐकली, दार लिंपलेलं पाहिलं आणि काही दिवसांनी त्याच घरातून माशी बाहेर आली. सगळी निरीक्षणं खरी. राहून गेलं ते एवढंसं अंडं, जे बाहेरून दिसणं शक्यच नव्हतं. अळी माशी होत नाही, ती माशीच्या पिल्लाचं अन्न होते.

हे सगळं ती समजून करते की यंत्रासारखं?

यावर दीडशे वर्षं वाद चालू आहे. फाब्र यांचा प्रयोग नेहमी पुढे केला जातो. स्फेक्स माशी रातकिडा बिळाच्या तोंडाशी ठेवते, आत जाऊन पाहून येते आणि मग त्याला आत ओढते. ती आत असताना फाब्र यांनी रातकिडा थोडा दूर सरकवला. तिने तो पुन्हा तोंडाशी आणला आणि पुन्हा आत जाऊन पाहिलं. त्यांनी हे चाळीस वेळा केलं आणि चाळीस वेळा ती तशीच वागली. कुंभारणीचं घरटं त्यांनी भिंतीवरून उचलून नेलं, तरी ती त्या रिकाम्या जागेवर गिलावा थापत राहिली.

पण गोष्ट इथे तोडणं हा माशीवर अन्याय आहे. फाब्र यांनीच पुढे दुसऱ्या वसाहतीतल्या स्फेक्स पाहिल्या. त्या दोन-तीन वेळा फसल्या आणि नंतर रातकिडा सरळ आत घेऊन गेल्या. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकहॅम या दांपत्याने 1898 मध्ये प्रत्येक माशी वेगळी वागते हे बारकाईने नोंदवलं. त्यांच्या एका अमोफिलाने जबड्यात खडा धरून बिळावरची माती ठोकून बसवली. कामांचा क्रम जन्मजात असतो, पण त्या चौकटीत जागा पाठ करणं, साठा मोजून बेत बदलणं, फसवणूक ओळखणं हे सगळं ती करते. तिला यंत्र म्हणणाऱ्यांनी बेरेंड्स यांची अमोफिला विचारात घ्यावी.

बंद, दमट कोठीत अन्नाला बुरशी कशी लागत नाही?

लागते, आणि पुष्कळ पिल्लं त्यात जातातही. म्हणून काही जातींनी औषध शोधलं आहे. फिलँथसची मादी मिशांतल्या ग्रंथींत स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू पाळते. बीळ बंद करण्यापूर्वी ती त्यांचा पांढरा लेप कप्प्याच्या छताला लावते. पिल्लू तो आपल्या कोशात विणून घेतं आणि त्यातल्या प्रतिजैविकांनी कोश सुरक्षित राहतो. एवढंच नाही, तिचं अंडं नायट्रिक ऑक्साइड वायू सोडून कोठीला धुरी देतं. अँप्युलेक्सचं पिल्लू झुरळाच्या आत असताना जंतुनाशक द्रव सोडून आपलं अन्न निर्जंतुक करतं.

घरट्यातून भलतीच हिरवी-निळी माशी बाहेर आली. असं का?

ती स्टिल्बम किंवा तिच्या नात्यातली कोकिळ-गांधील असणार. बंद मातीच्या घरात ती आपलं अंडं पोचवते आणि तिचं पिल्लू घरमालकिणीच्या पिल्लालाच खातं. इतरही चोर आहेत: शिकार नेणाऱ्या माशीच्या मागे मागे उडणाऱ्या छोट्या माश्या, मेलिटोबियासारख्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या गांधिली. दार इतक्या काळजीने का लिंपलं जातं, ते यावरून कळावं.

ही माशी चावते का?

नांगी मादीला असते, पण ती शिकारीसाठी. घरट्याजवळ उभं राहिलं म्हणून कुंभारीण अंगावर येत नाही. हातात दाबली, कपड्यात अडकली तर दंश करेल. कागदी पोळ्याची गोष्ट निराळी, त्यापासून लांबच राहा.

मग घरटं काढावं का?

राहू द्यावं, असं माझं मत. भिंतीला काही होत नाही. अगदी काढायचंच असेल तर आधी नीट बघा. गोल भोकं पडली असतील तर त्या नळ्यांतली पिल्लं उडून गेली आहेत. ते घर ओलं करून खरवडलं की निघून येतं. भोकं नसतील तर आत कोणीतरी वाढतंय, काही आठवडे थांबा. प्लगच्या भोकात माती भरली असेल तर तिथला वीजपुरवठा बंद केल्याशिवाय काहीही खुपसू नका.

विमानांच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पोर्तो प्लाताजवळ बर्गनएअरचं बोइंग 757 समुद्रात कोसळून 189 जण गेले. वेग मोजणारी पिटो नळी बंद झाली होती आणि उभ्या असलेल्या विमानाच्या त्या उघड्या नळीत मातीच्या गांधिलीने घर केलं असावं, असा संशय आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन विमानतळावर मूळच्या मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पॅकोडायनेरस नासिडेन्स या गांधिलीने हाच त्रास दिल्यावर संशोधकांनी 2016 ते 2019 या काळात त्रिमितीय छपाईने खोट्या पिटो नळ्या करून ती कोणत्या व्यासाच्या नळीत घर करते ते तपासलं. उभ्या विमानाच्या नळ्यांवर टोपणं घालणं हाच साधा उपाय.

शेताला, बागेला यांचा उपयोग काय?

अळ्या, नाकतोडे, झुरळं कमी होतात. कोळी खाणाऱ्या जाती मात्र शेतकऱ्याचेच मित्र उचलतात, हेही खरं. कीटकनाशकाची फवारणी झालेली अळी घरट्यात गेली तर पिल्लालाही विष मिळतं.

मुलांना हे सगळं जवळून दाखवायचं असेल तर?

एका बाजूने पेरामुळे बंद असलेल्या बांबूच्या नळ्या घ्या, आतला व्यास साधारण 6 ते 10 मिलिमीटर. जुडी बांधून पावसाची झड लागणार नाही पण सकाळचं ऊन येईल अशा जागी, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर पक्की बसवा. वाऱ्याने हलली तर माश्या येत नाहीत. जवळ एका बशीत ओली माती ठेवा आणि ती सुकू देऊ नका. कोणत्या नळीचं तोंड कधी बंद झालं ते वहीत लिहायला सांगा, आणि मातीचा रंगही. भरलेल्या नळ्या हलवायच्या नाहीत. मुंग्या चढू लागल्या तर जुडीच्या आधाराला तेलाचं बोट फिरवा.